प्लित्वित्सेचा अर्धवट दिवस आणि पावसावर ढकललेला दोष

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
परदेश सहल विभाग

विषय : क्रोएशिया सहलीत प्लित्वित्से राष्ट्रीय उद्यान अर्धवट दाखवल्याबद्दल परतावा मिळण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्यामार्फत गेलेल्या सहलीत लातूरचे आम्ही २२ जण होतो, त्यांतले बहुतेक साठीच्या पुढचे. "पावसाला आम्ही काय करणार," असे उत्तर आपल्या कार्यालयातून फोनवर मिळाले. ते आम्हाला मान्य नाही. २०१६ साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथली माणसे पावसाच्या नावाने गाऱ्हाणे मांडत नाहीत. आमची तक्रार नियोजनाबद्दल आहे.

उद्यानाच्या तिकिटावर तारखेबरोबर प्रवेशाची वेळही छापलेली असते. आमची वेळ सकाळी ११ ची, प्रवेशद्वार क्रमांक १ वर. झाग्रेबहून अंतर सुमारे १३० किलोमीटर. पावसात बसला अडीच तास धरायला हवेत. म्हणजे आठलाच हॉटेल सोडायचे होते. बस निघाली ८.४० ला, त्यात कार्यक्रमपत्रिकेत नसलेल्या भेटवस्तूंच्या दुकानात पाऊण तास गेला. आम्ही पोहोचलो १२.२० ला. वेळ टळल्यामुळे नवा प्रवेश मिळाला दुपारी २ चा.

इथून पुढचे सगळे त्या दोन वाजण्यामुळे झाले. उद्यानातल्या पायी फिरायच्या मार्गांना अक्षरांची नावे आहेत. पत्रिकेतला 'सी' मार्ग ८ किलोमीटरचा आहे, त्याला ४ ते ६ तास लागतात. ऑक्टोबरच्या मध्यावर तिथे सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो. साहजिकच टूर मॅनेजरने साडेतीन किलोमीटरच्या छोट्या मार्गावरून सगळ्यांना परत आणले. उद्यानात १६ तळी आहेत: खाली ४, वर १२. वरच्या बारांपैकी आम्हाला फक्त कोझ्याक तळ्याचा काठ दिसला. त्यावरची विजेची बोट नाही, जोडडब्यांची गाडी नाही, गालोवात्स तळ्याचे धबधबे नाहीत. बोट, गाडी आणि वरची वाट त्या दिवशी चालू असल्याचे प्रवेशद्वारावरच्या फलकावर लिहिले होते; त्याचा फोटो सोबत आहे. पावसामुळे बंद होता तो एकच फाटा, वेलिकी स्लाप या ७८ मीटरच्या धबधब्याच्या पायथ्याकडे जाणारा, कारण तिथे वाटेच्या लाकडी फळ्यांवरून पाणी वाहत होते.

पावसाचा अंदाज आदल्या दिवशीच होता. अशा वेळी वयस्कर गटासाठी प्रवेशद्वार २ वरून 'एच' मार्ग घेणे सोयीचे. आधी गाडीने वर जायचे, उताराने वरची तळी बघत यायचे, मग बोट आणि शेवटी खालची तळी. अंतर ८.९ किलोमीटर भरते, पण मोठा चढ गाडी चढते आणि खालच्या फळ्या बंद निघाल्या तरी निम्म्याहून जास्त उद्यान बघून झालेले असते. आम्हाला मात्र सुरुवातीलाच पहिल्या प्रवेशद्वाराची ओली, वळणावळणाची उतरण उतरवली आणि परतताना चढवली.

आपल्या सूचनापत्रात "छत्री व पोहण्याचे कपडे सोबत ठेवावेत" असे छापले आहे. त्या तळ्यांत पोहायला बंदी आहे. फळ्यांची वाट अरुंद, बहुतेक ठिकाणी कठडा नाही. समोरून दुसरा गट आला की छत्रीच्या काड्या थेट डोळ्यांच्या उंचीवर येतात. तिथे अंगभर रेनकोट आणि खोल नक्षीच्या तळव्याचे बूटच हवेत. ओल्या लाकडावर झाडांची गळलेली पाने चिकटलेली असतात, त्यावर गुळगुळीत तळव्याचा बूट सरकतोच. आपण वाटलेले प्लास्टिकचे रेनकोट तासाभरात खांद्याच्या शिवणीवर उसवले आणि पाणी थेट स्वेटरमध्ये उतरले.

सर्वांत गंभीर बाब फोटोची. टूर मॅनेजरने गटाला फळ्यांवरून उतरवून शेवाळलेल्या काठावर उभे केले. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो, तो आपल्याकडे घरोघर माहीत आहे. तिथल्या पाण्यातला तसाच चुना शेवाळावर थराथराने बसतो आणि त्यातून तळ्यांचे बांध तयार होतात. धबधबे त्याच बांधांवरून पडतात. हे काम आजही चालू आहे. बूट पडला की थर मोडतो आणि तो पुन्हा धरायला वर्षे जातात. १९७९ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या ठिकाणी पर्यटन कंपनीचाच माणूस हे करायला सांगतो, याचे आम्हाला फार वाईट वाटले. आमच्यातल्या चौघींनी तिथे उतरायला नकार दिला, त्यांना "पटकन या, उशीर होतोय" असे ऐकावे लागले.

आमच्या मागण्या अशा : त्या दिवसाच्या खर्चाचा निम्मा परतावा दर माणशी बँक खात्यात जमा करावा, सूचनापत्रातली छत्री आणि पोहण्याची ओळ काढावी, पुढच्या गटांसाठी प्रवेशाच्या वेळेआधी दुकानाचा थांबा ठेवू नये, आणि फोटोच्या प्रकाराबद्दल लेखी खुलासा द्यावा. १५ दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करू. तक्रारदार राहतो तिथे ती करता येते, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत.

कळावे,
लातूरच्या सहलगटाच्या वतीने

सोबत : मूळ व बदललेली तिकिटे, कार्यक्रमपत्रिका, सूचनापत्र, फलकाचा फोटो, २२ जणांच्या सह्या