न दिसलेलं विमान

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "बाबा, त्याने डाउनविंडचा कॉल दिला, मला कुठे दिसला नाही. म्हटलं, असेल मागे." म्हणजे दुसरा वैमानिक रेडिओवर सांगतोय की तो धावपट्टीला समांतर, डाउनविंडवर आहे; आणि तो न दिसताच तू बेसला, उतरण्याआधीच्या आडव्या टप्प्याला, वळलीस. त्या रात्री मला झोप लागली नाही.

"असेल मागे" हे शब्द विमानतळाच्या टॉवरवरून विमानांना वाट देण्याच्या नोकरीत मी कुणाकडून ऐकून घेतले नाहीत, तुझ्याकडूनही घेणार नाही. कॉलवरून एवढंच कळतं की, आपण कुठे आहोत असं त्या माणसाला वाटतंय. दोघं एकाच वेळी बोलले की कानात नुसती किंचाळी येते आणि दोघांचंही बोलणं वाया जातं. एखाद्याची फ्रिक्वेन्सीच चुकलेली असते. तुमच्याकडे टॉवर नाही, म्हणजे चूक पकडणारं तिसरं माणूसही नाही.

१२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमानं हवेत धडकली, तेव्हा मी नोकरीत होतो. कझाक विमानाला १५ हजार फुटांची उंची दिली होती. समोरून १४ हजारांवर सौदीचं जम्बो येतंय, हेही सांगितलं होतं. तरी ते खाली उतरलं. ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. रेडिओवर सगळं सांगून झालं होतं गं.

आता डोळ्यांचं. काचेवर सरकत जाणारं विमान बहुधा निघून जातं. ज्याची भीती धरायची ते जागचं हलत नाही. माशी बसल्यासारखा ठिपका, बराच वेळ तेवढाच, आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम फुगतो. म्हणून नजर भिरभिरवू नकोस. आकाशाचा लहानसा तुकडा घे, सेकंदभर थांब, मग पुढचा. धुरकट दिवशी समोर काहीच नसलं की डोळे जवळच कुठेतरी स्थिरावतात. आधी लांबच्या डोंगरावर नजर टेकव, मग शोध.

तुझ्या छोट्या सेसना विमानाचे पंख डोक्यावर आहेत. वरून उतरणारा तुला दिसत नाही, आणि त्याचे पंख खाली असतील तर त्याला तू दिसत नाहीस. फायनलवर, धावपट्टीकडे सरळ उतरताना, असेच दोघं एकमेकांवर येतात. वळण्याआधी त्या बाजूचा पंख जरा उचल, बघ, मगच वळ.

आणि दिसला नाही तर तसं स्पष्ट बोल. "तुम्ही दिसत नाही, जागा आणि उंची सांगा." उत्तर येईपर्यंत बेसला वळू नकोस, डाउनविंड लांबव. इन्स्ट्रक्टर रागावले तर रागावू देत. दोन मिनिटांचं इंधन जाईल, त्याचे पैसे मी देतो.

आईने डिंकाचे लाडू पाठवलेत. डब्यावर मऊ सुती फडकं गुंडाळलंय, ते डबा पुसायला वापरू नकोस. उड्डाणाआधी काचेवरचे किडे त्याने पुसत जा.

तुझे,
बाबा