डॉल्फिनचे ‘फसलेले’ फोटो पुसू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या सुट्टीत बेळगाव-खानापूरकडची कितीतरी कुटुंबं आंबोली नाहीतर चोर्ला घाट उतरून समुद्र गाठतात आणि डॉल्फिन बघायला होडीत बसतात. यंदा आम्हीही तारकर्लीला गेलो होतो. घरी आल्यावर धाकटी लेक मोबाइलमधले फोटो पुसायला बसली, कारण एकातही अख्खा डॉल्फिन नव्हता. तिला थांबवून एक फोटो मोठा करून बघितला. पाण्याबाहेर फक्त पाठीवरचा पर, त्याच्या मागच्या कडेला दोन खाचा, बुडाशी बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा. आणि अगदी शेजारी पाण्यात सूर मारणारा सुरय पक्षी! दोघं एकाच माशांच्या थव्यावर आले असावेत.

परावरच्या खाचा प्रत्येक डॉल्फिनच्या वेगळ्या. त्यांवरून एकेक प्राणी ओळखायची पद्धत अभ्यासक १९७०च्या दशकापासून वापरतात. त्यातून डॉल्फिनचा शेजारही कळतो. न्यूझीलंडच्या समुद्रात बॉटलनोज डॉल्फिन आणि फॉल्स किलर व्हेल (नावात व्हेल असला तरी डॉल्फिनच्याच कुळातला मोठा प्राणी) यांच्यातले तेच ते सोबती वर्षानुवर्षं एकत्र दिसतात, हे असेच फोटो जुळवून लक्षात आलं. ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे इथं पिल्लं सोडून चारांपैकी जवळपास तीन डॉल्फिनच्या अंगावर शार्कच्या चाव्याचे वण आढळले. प्रत्यक्ष हल्ला बघायला मिळणं दुर्मीळ, पण वण फोटोत टिपता येतो.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. आमच्यासकट चार होड्या त्या एका कळपामागं लागल्या. पक्षी उडाले, कळपानं बुडी मारली ती मारलीच. ‘जरा जवळ घ्या की’ असं होडीवाल्याला मीच म्हटलं होतं, याचं फार वाईट वाटतं. वन्यजीव कायद्यात डॉल्फिन वाघाच्याच बरोबरीनं पहिल्या अनुसूचीत आहे. लांबून, इंजिन मंद ठेवून, पर आडवा दिसेल असा फोटो घेतला तरी भागतं.

आपल्या भागातल्या कॉलेजांच्या प्राणिशास्त्र विभागांनी असे फोटो तारीख, वेळ, ठिकाणासह गोळा करून किनाऱ्यावरच्या अभ्यासकांकडं पोचवावेत, अशी मनापासून विनंती आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो धाडला की त्यातली तारीख-ठिकाणाची नोंद गळून जाते, तेव्हा मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी लागेल. आपण रविवारच्या पुरवणीत एवढं छापलंत, तर नाताळात कोकणात उतरणाऱ्यांच्या वेळेत हाती पडेल.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव