काकांचा ब्लॉक, केमोच्या आधी

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, "केमो लागू पडेल की नाही हे आधी कळत नाही का?" असं तुम्ही फोनवर विचारलंत. काही औषधांचं कळतं, बऱ्याच औषधांचं अजून कळत नाही. आणि जिथे कळतं, तिथेही गाठीचा तुकडा नीट जपला असेल तरच कळतं. फोनवर हे घाईघाईत झालं असतं, म्हणून लिहिते आहे. काकांनाही वाचून दाखवा.

काकांची गाठ मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला होती. ऑपरेशन झालं, लिम्फ नोडमध्ये काही सापडलं नाही, म्हणजे दुसरी स्टेज. (रिपोर्टात किती नोड तपासले तो आकडा बघा. किमान १२ हवेत. त्याहून कमी असतील तर 'काही सापडलं नाही' यावर फार विसंबता येत नाही.) या स्टेजला केमो द्यायलाच हवी असं नसतं. म्हणून त्यांच्या रिपोर्टात आधी शोधायची ती एमएमआरची, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करण्याच्या यंत्रणेची, ओळ.

पेशी दुप्पट होताना डीएनएची नक्कल करते आणि त्यात अक्षरं चुकतात. त्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिनं आहेत: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६. पहिली दोन एक जोडी, पुढची दोन दुसरी. एमएलएच१ गेलं की पीएमएस२ एकटं टिकत नाही, एमएसएच२ गेलं की एमएसएच६चं तेच. आतड्याच्या साधारण १५ टक्के गाठींमध्ये ही दुरुस्ती बंद पडलेली असते. दुसऱ्या स्टेजमध्ये अशी गाठ उलटण्याची शक्यता मुळातच कमी असते, आणि फाइव्ह-एफयू या केमोच्या औषधाचा एकट्याचा किंवा त्याच औषधाच्या गोळ्यांचा, म्हणजे कॅपेसिटाबीनचा, तिच्यावर फायदा दिसत नाही. २००३ पासूनच्या अभ्यासांमधून हे पुढे आलं. कारण असं सांगता येतं: औषधामुळे डीएनएत झालेली खोट हीच प्रथिनं हेरतात आणि पेशीला मरायला लावतात. हेरणारंच कोणी नसेल तर पेशी खोटीसकट वाढत राहते. मग सहा महिने गोळ्या घेऊन पदरात फक्त जुलाब आणि सोललेले तळवे. तिसऱ्या स्टेजचा हिशोब वेगळा आहे, तिथे ऑक्सालिप्लॅटिन हे दुसरं औषध जोडून केमो देतातच.

ही तपासणी करतात कशी, ते सांगते, कारण चूक इथेच होते. गाठीचा तुकडा मेणात बसवलेला असतो, तो ब्लॉक. त्यातून ४ मायक्रॉन जाडीचा काप काढतात आणि काचेवर घेऊन त्यावर अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनालाच चिकटणारा पदार्थ, सोडतात. प्रथिन असेल तर पेशीचं केंद्रक तपकिरी दिसतं, नसेल तर निळसर. पण दुर्बिणीतून आधी गाठ बघायचीच नाही. आधी बघायच्या गाठीच्या मधूनमधून पसरलेल्या निरोगी पेशी, बारीक गोल लिम्फोसाइट आणि लांबट तंतुपेशी. त्या तपकिरी असायलाच हव्यात. त्याही निळ्या दिसल्या तर रंगच चढलेला नाही, आणि त्या स्लाइडवरून 'प्रथिन नाही' असं म्हणता येत नाही. कधी कधी कापाची कड छान तपकिरी असते आणि मधला भाग फिका पडलेला असतो. तिथे दोष गाठीचा नसतो, तुकडा टिकवायच्या द्रावणाचा, फॉर्मालिनचा असतो. आतडं न उघडता तसंच बरणीत बुडवलं की फॉर्मालिन आतवर पोचेपर्यंत मधल्या पेशी कुजायला लागतात. आतडं उघडून, धुऊन, दहापट फॉर्मालिनमध्ये ठेवायला हवं. स्तनाच्या गाठीला ६ ते ७२ तासांची मर्यादा घालून दिली आहे, तीच आतड्यालाही धरून चालावं. कमी ठेवलं तर प्रथिनं टिकत नाहीत, फार ठेवलं तर डीएनएचे तुकडे होतात.

रिपोर्टात 'लॉस' लिहिलं असेल तर कुठल्या जोडीचा ते वाचा. एमएलएच१-पीएमएस२ची जोडी गेली असेल तर बहुतेक वेळा वयाबरोबर ते जनुक गाठीपुरतं बंद पडलेलं असतं. त्याची खात्री बीआरएएफ नावाच्या जनुकाच्या आणि मेथिलेशनच्या, म्हणजे जनुक बंद करणाऱ्या रासायनिक खुणेच्या, तपासणीने करतात. पण एमएसएच२-एमएसएच६ची गेली असेल तर दोष आई-वडिलांकडून आलेला असण्याची शंका येते, त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. बाबा, तो निघाला तर तुमच्यातही असण्याची शक्यता निम्मी. म्हणजे तुमची रक्ततपासणी आणि कोलोनोस्कोपी, आणि तुमच्यात सापडला तर माझीही. यात घाबरण्यासारखं नाही. वेळेवर तपासत राहिलं तर गाठ होण्याआधीच आतड्यातला मोड (पॉलिप) काढून टाकता येतो.

समजा दुरुस्ती शाबूत आहे आणि डॉक्टर गोळ्या द्यायचं म्हणताहेत. तर पहिल्या गोळीच्या आधी डीपीवायडी या जनुकाची तपासणी मागा. ही गाठीची नाही, रक्ताची. जांभळ्या टोपणाच्या नळीत दोन-तीन मिली रक्त पुरतं, उपाशी राहावं लागत नाही. फाइव्ह-एफयूपैकी ८० टक्क्यांहून जास्त भाग यकृतातलं एकच एन्झाइम मोडून काढतं, आणि ते याच जनुकावरून बनतं. ते जन्मतःच कमजोर असेल तर नेहमीचा डोस विषासारखा भिनतो: तोंड येतं, जुलाब थांबत नाहीत, पांढऱ्या पेशी कोसळतात, आणि तेही पहिल्याच सायकलमध्ये. जनुकाची एक प्रत सदोष असेल तर निम्म्या डोसने सुरुवात करतात, दोन्ही सदोष असतील तर हे औषध टाळतात. युरोपच्या औषध नियामकांनी २०२० मध्येच ही तपासणी आधी करायची शिफारस केली. मात्र नेहमी बघतात ते चार बदल मुख्यतः युरोपीय रुग्णांवरून निवडलेले आहेत. म्हणून आपल्याकडे रिपोर्ट स्वच्छ आला तरी काकूंनी पहिले तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून बघायचं. ताप १००.४ झाला, किंवा रोजच्यापेक्षा चार वेळा जास्त जुलाब झाले, तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी फोन. युरिडीन ट्रायअॅसिटेट नावाचा उतारा आहे, पण तो शेवटच्या डोसनंतर ९६ तासांच्या आत सुरू करावा लागतो.

आई, तू विचारलंस की "सगळ्या केमोंची एकदमच तपासणी" करून देतात ती करू का. नको. जिवंत पेशींवर औषधं घालून 'ही चालेल, ही नाही' सांगणाऱ्या तपासण्या ट्रायलबाहेर वापरू नका, असं अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. मला जास्त सावध केलं ते ईआरसीसी१ नावाच्या प्रथिनाने. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाने डीएनएत केलेली खोट हे प्रथिन कापून काढतं. २००६ मध्ये फुप्फुसाच्या ७६१ गाठींवरून दिसलं की ज्यांच्यात ते नाही, त्यांनाच सिस्प्लॅटिनचा फायदा होतो. तर्क चोख होता, आकडे चोख होते. पुढे त्याच संशोधकांनी तीच अँटिबॉडी नव्या बॅचमधून घेऊन त्याच गाठी पुन्हा रंगवल्या, तर ४४ टक्क्यांच्या जागी ७७ टक्के गाठी पॉझिटिव्ह आल्या. या प्रथिनाची चार रूपं आहेत, त्यातलं एकच काम करतं, आणि बाजारातल्या सोळा अँटिबॉडींपैकी एकीलाही ते वेगळं ओळखता येत नव्हतं. २०१३ मध्ये त्यांनी हे स्वतःच छापलं. त्या संशोधकांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तेव्हापासून औषध लागू पडेल का हे सांगणारी कुठलीही नवी खूण (मार्कर) दिसली की मी आधी विचारते: अँटिबॉडी कुठली, बॅच कुठली, आणि दुसऱ्या कोणी दुसऱ्या रुग्णांवर हे करून पाहिलंय का?

आता बाबा, तुमचं काम. हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीत अर्ज देऊन काकांचा गाठीचा एक ब्लॉक, निरोगी आतड्याचा एक ब्लॉक, स्लाइड आणि रिपोर्टाची प्रत मागा. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टातल्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या, तिथेच, खिडकीपाशी उभं राहून. आणलेला ब्लॉक लोखंडी कपाटात, थंड जागी ठेवा. गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. मेण साठेक अंशांना वितळतं आणि उन्हात बंद गाडी चांगलीच तापते. सगळे ब्लॉक एकदम कुठेही पाठवू नका. छोट्या गाठीतून जेमतेम काही काप निघतात, ते संपले की परत मिळत नाहीत. एमएमआरची ओळ रिपोर्टात नसेल तर या आठवड्यातच सर्जनना विचारा. केमो सुरू करायची असेल तर ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवड्यांत करायची असते, आणि काकांचे तीन होऊन गेले आहेत.

रिपोर्टाचा फोटो काढताना दोन्ही पानं सपाट ठेवा. मागच्या वेळचा खालचा कोपरा दुमडला होता, आणि नोडचा आकडा तिथेच असतो.

तुमची लेक