ग्रेट निकोबार : ठरावाची प्रत मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रेट निकोबार बेटावर होऊ घातलेले बंदर, विमानतळ, वीजप्रकल्प आणि नवे शहर यांच्याविरोधात समाजमाध्यमांवर सह्यांच्या मोहिमा फिरत असतात. त्यामागची कळकळ खरी आहे, पण नुसत्या सह्यांनी अशी फाईल अडत नाही. ती अडते कागदावर. बेटावरच्या आदिवासींची संमती कोणी, कधी, कोणत्या सभेत घेतली, हे शेकडो नागरिकांनी लेखी विचारले तर त्याचा उपयोग सहीपेक्षा कितीतरी जास्त आहे.

बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ९१० चौरस किलोमीटर. प्रकल्पाला त्यातले १६६.१० चौरस किलोमीटर हवे आहे आणि त्यापैकी १३०.७५ चौरस किलोमीटर वनजमीन आहे. हे बारमाही हिरवे वर्षावन आहे. किती झाडे जाणार, याचा सरकारी आकडा आधी ८.५२ लाख होता, पुढे संसदेत ९.६४ लाख सांगण्यात आला. बंदर जिथे होणार त्या गॅलेथिया खाडीच्या वाळूत लेदरबॅक कासवे अंडी घालतात. तिथल्या अभयारण्याचा दर्जा जानेवारी २०२१ मध्ये काढून घेण्यात आला. अंदमान-निकोबारचा ७५ टक्क्यांहून जास्त भाग जंगल असल्यामुळे भरपाईची झाडे दुसऱ्या राज्यात लावण्याची सोय नियमात आहे, म्हणून ती हरियाणात लावायचे ठरले. निकोबारच्या दमट जंगलाची भरपाई हरियाणाच्या कोरड्या जमिनीवर कशी होणार?

या जंगलात शोंपेन हे आदिवासी राहतात. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या २२९ होती. किनाऱ्यावर निकोबारी या दुसऱ्या आदिवासी समाजाची गावे होती. २००४ च्या त्सुनामीत ती उद्ध्वस्त झाली आणि वाचलेल्यांना कॅम्पबेल बेजवळच्या वसाहतींत आणून ठेवले. आपल्या मूळ गावी परत जाऊ द्या, अशी त्यांची तेव्हापासूनची मागणी आहे.

आता कायदा पाहा. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ४(५) नुसार हक्कांची पडताळणी आणि मान्यता पूर्ण होईपर्यंत कोणालाही वनजमिनीवरून हटवता येत नाही. शोंपेनांसारख्या विशेष असुरक्षित समूहांना कलम ३(१)(ई) खाली संपूर्ण अधिवासावर हक्क आहे. ३ ऑगस्ट २००९ च्या केंद्रीय परिपत्रकाने वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळवण्यापूर्वी ग्रामसभांचे लेखी ठराव आवश्यक केले. ओडिशातल्या नियमगिरीत याच तत्त्वावर सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी निर्णय ग्रामसभांकडे सोपवला. बारा ग्रामसभा झाल्या, बाराही ठिकाणी डोंगरिया कोंध आदिवासी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी बॉक्साइट खाणीला नकार दिला आणि जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने परवानगी नाकारली.

ग्रेट निकोबारात काय झाले? १८ ऑगस्ट २०२२ रोजी प्रशासनाने प्रमाणपत्र दिले की वनहक्क निश्चित झाले आहेत आणि संमती मिळाली आहे. त्याच महिन्यात तिथल्या ट्रायबल कौन्सिलकडून, म्हणजे निकोबारींच्या आदिवासी परिषदेकडून, ना-हरकत पत्र घेतले गेले. आपली त्सुनामीपूर्वीची गावे आणि राखीव जमीन प्रकल्पात जात आहे हे लक्षात आल्यावर कौन्सिलने २२ नोव्हेंबर २०२२ रोजी ते पत्र मागे घेतले. तोवर पहिल्या टप्प्याची वनमंजुरी (२७ ऑक्टोबर) आणि पर्यावरण मंजुरी (११ नोव्हेंबर) देऊन झाली होती. हक्क मान्य करण्याची प्रक्रिया मुळात सुरूच झालेली नाही, असे कौन्सिलचे म्हणणे आहे. शोंपेनांची संमती तर त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी देऊ शकते का, हाच प्रश्न आहे. १९६९ पासून या बेटावर माजी सैनिकांची कुटुंबे वसवण्यात आली, त्यांत महाराष्ट्रातलीही होती. या वसाहतींच्या पंचायतींना आपले मत मांडण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण त्यांचा ठराव म्हणजे शोंपेनांचा ठराव नव्हे.

म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, केंद्राच्या संकेतस्थळावरून घरबसल्या होतो. अर्ज फसतात ते मुख्यतः प्रश्नाच्या घडणीमुळे. ‘आदिवासींवर अन्याय का केला?’ असे विचारले की उत्तर येते, ही ‘माहिती’ नव्हे. कागदाचे नाव घेऊन प्रत मागा: १८ ऑगस्ट २०२२ च्या प्रमाणपत्रासोबत जोडलेले ग्रामसभांचे ठराव, त्या सभांची नोटीस आणि हजेरीपट, वनहक्क समितीच्या सदस्यांची यादी, सभेत कोणत्या भाषेत माहिती दिली त्याची नोंद. एका अर्जात एकच विषय ठेवा. हजेरीपट सगळ्यात महत्त्वाचा, कारण नियमांनुसार ग्रामसभेला किमान निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया लागतात. सुरक्षेचे कारण देऊन कलम ८(१)(अ) खाली नकार येऊ शकतो. तिथे थांबू नका. ३० दिवसांत पहिले अपील करा आणि त्यात कलम १० मांडा: संवेदनशील भाग झाकून उरलेला द्यावा लागतो. ग्रामसभेच्या हजेरीत संरक्षणाचे गुपित नसते.

दुसरा कागद म्हणजे सहामाही अनुपालन अहवाल, म्हणजे मंजुरीच्या अटी किती पाळल्या याचा अहवाल. पर्यावरण मंजुरी घेणाऱ्याला तो दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक असतो. मंजुरीपत्रातली अट एका बाजूला आणि अहवालातले उत्तर दुसऱ्या बाजूला लिहून काढा. चार-पाच जणांच्या गटाला एका रविवारी हे जमते. जिथे उत्तर ‘पालन केले जाईल’ एवढेच आहे, तिथे खूण करा आणि अट क्रमांकासह केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाला लिहा. प्रत राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाला पाठवा. घटनेच्या कलम ३३८अ खाली चौकशीत आयोगाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. एकाच मजकुराची हजार पत्रे कार्यालयात एकच तक्रार म्हणून बांधली जातात. वीस वेगवेगळ्या अटींवरची वीस पत्रे तशी बांधता येत नाहीत.

महाराष्ट्रात हे सगळे नवे नाही. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, तो अभ्यास करून आणि नियमाप्रमाणे दावा दाखल करून. ज्यांनी अशा दाव्यांचे नकाशे आणि पुरावे तयार केले, त्या कार्यकर्त्यांनी निकोबारची कागदपत्रे वाचायला घ्यावीत. कोणती पोकळी शोधायची, हे त्यांना जितके कळते तितके शहरातल्या वकिलांनाही पटकन कळणार नाही.

एक गोष्ट मात्र कोणीही करू नये. पाठिंबा द्यायला किंवा चित्रीकरण करायला शोंपेनांच्या जंगलात जाऊ नका. १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण विनियमानुसार राखीव क्षेत्रात विनापरवाना प्रवेश गुन्हा आहे, आणि साध्या सर्दी-गोवरानेही इतका लहान समूह कोलमडू शकतो. निकोबारींच्या वतीने बोलायला त्यांची कौन्सिल आहे. तिची पत्रे जशीच्या तशी पुढे पाठवा, त्यांत आपल्या मागण्या मिसळू नका.

आपले,
वनहक्कांवर काम करणारे काही नागरिक, नागपूर