चष्म्याच्या फडक्याबद्दल आभार

प्रिय काका,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं जाहीर लिहितोय. त्या पहाटे तळ्याकाठी खिशात मावेल एवढा कॅमेरा घेऊन तुमच्या शेजारी उभा होतो, तो मी. तुमचा दणकट ट्रायपॉड बघून मी माझं खेळणं जरा लपवलंच होतं.

तुम्ही ते मागून घेतलंत, लेन्स उजेडाकडे तिरकी धरलीत आणि काही न बोलता चष्म्याच्या डबीतलं फडकं काढलंत. काचेवर माझ्याच अंगठ्याचा तेलकट ठसा! सूर्यासमोर फोटो धुरकट येतात म्हणून मी वर्षभर कॅमेऱ्याला शिव्या घालत होतो.

मग अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत येण्याचं भोक; एफचा आकडा मोठा तितकं ते बारीक. निसर्गचित्र म्हणजे एफ/११, ते नसेल तर निदान एफ/८, असं मी कुठेतरी वाचून घोकलेलं. तुम्ही म्हणालात, "ते मोठ्या सेन्सरवाल्यांचं. तुझा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा तुकडा, करंगळीच्या नखाएवढा. भोक बारीक केलंस की प्रकाश पसरतो नि सगळंच मऊ पडतं. ४ वर ठेव." मला पटेना. तेव्हा कॅमेरा पिशवीवर टेकवून, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० आणि २ सेकंदांचा टायमर लावून तुम्ही एकच चौकट एफ/४ आणि एफ/८ अशा दोन्हींवर काढायला लावलीत. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं, तर पलीकडच्या झाडाची काटकी न् काटकी एफ/४ ला सुटी दिसत होती. एफ/८ ला कडा विरघळलेल्या. आणि अलीकडचा ओला दगड दोन्हींत स्पष्ट! जवळचं-लांबचं एकदम फोकसमध्ये धरणं छोट्या सेन्सरला सोपं जातं, हे तेव्हा कळलं. त्या दगडासाठी तुम्ही मला चिखलात गुडघे टेकायला लावलेत, ते वेगळं.

एक्स्पोजर -०.७ करायची, म्हणजे फोटो जरा गडद काढायची, सवय आता हाताला लागली आहे. पांढरंफटक पडलेलं आकाश नंतर परत आणता येत नाही, सावली थोडीफार तरी उजळता येते. व्हाइट बॅलन्स (फोटोची रंगछटा ठरवणारी सेटिंग) 'ढगाळ'वर ठेवायचा तुमचा सल्ला मात्र मी पाळत नाही. त्याने मला ती पहाट फार नारिंगी वाटते. रागावू नका.

नवीन कॅमेरा घ्यायचा विचार तूर्त बाजूला ठेवलाय. आणि हो, ते फडकं गडबडीत माझ्याच खिशात राहिलं. कुठे भेटलात तर परत करीन, नवं आणून. जुनं माझ्याकडेच राहू द्या.

तुमचा,
तळ्याकाठचा चिखल्या