कातडी भरली, पण पापण्या पाहिल्या का?

महोदय,

आकडीच्या गोळ्या, सल्फाची औषधे, युरिक अ‍ॅसिडसाठी दिली जाणारी अ‍ॅलोप्युरिनॉल यांनी क्वचित एखाद्याची कातडी भाजल्यासारखी सोलून निघते, तोंड-डोळे सोलवटतात. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम तो हाच. बहुधा औषध सुरू झाल्यावर 4 ते 28 दिवसांत. दोन-तीन आठवड्यांत कातडी धरते, डिस्चार्ज मिळतो आणि घरचे सुटकेचा श्वास टाकतात. डोळ्यांचे दुखणे मात्र पुढे वर्षानुवर्षे चालते.

पापणीची आतली ओली, मऊ कड बरी होताना कातडीसारखी खरबरीत होते. मग प्रत्येक उघडझाप म्हणजे बुबुळावर पॉलिश पेपरचा हात. त्यातच केस आत वळतात. ते उपटले तरी महिना-दीड महिन्यात पुन्हा येतात, म्हणून पुढची तारीख त्याच दिवशी घ्यावी. खरबरीत कडेवर ओठाच्या आतल्या अस्तराची पट्टी बसवता येते. हे न करता थेट बुबुळरोपणाची घाई नको. कोरड्या, घासणाऱ्या डोळ्यात नवे बुबुळ टिकत नाही.

डोळे ओले ठेवणारे थेंब दिवसातून चार-सहापेक्षा जास्त वेळा लागत असतील, तर प्रिझर्वेटिव्ह (टिकवणारे रसायन) नसलेलेच घ्यावेत. बाटलीवर बेंझाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्वेटिव्ह लिहिले असेल तर ती परत करावी. ते वारंवार पडले की आधीच नाजूक झालेला पृष्ठभाग आणखी सोलते. ‘तेच आहे, फक्त कंपनी वेगळी’ हे काउंटरवरचे वाक्य इथे चालत नाही. लाली घालवणारे स्टेरॉइडचे थेंब मनाने तर मुळीच नकोत, डोळ्याचा दाब वाढतो. स्क्लेरल लेन्स (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी, आत द्रव भरून बसवायची मोठी कॉन्टॅक्ट लेन्स) असेल तर ती निर्जंतुक सलाइननेच भरावी, नळाच्या पाण्याने कधीही नाही.

आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत डाऊनी-भुरी या बुरशीजन्य रोगांवरच्या फवारण्या सुरू होतात. फवारणीचा ब्लोअर चालू असताना अशा रुग्णाने बागेत जाऊ नये. जावेच लागले तर बाजू बंद असलेला गॉगल घालावा. नव्या कातडीवर डाग राहतात, ऊन लागले की गडद होतात. टोपी, पूर्ण बाह्या घालाव्यात.

योनीमार्ग चिकटून आखडणे हाही याच आजाराचा परिणाम. बायका सांगत नाहीत, कुणी विचारतही नाही. डिस्चार्जपूर्वी स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासणी व्हावी. फुप्फुसांवरही परिणाम होऊ शकतो, म्हणून पुढे धाप लागू लागली तर छातीच्या डॉक्टरांना हा इतिहास आवर्जून सांगावा.

कोणत्या औषधाने त्रास झाला ते लिहिलेले कार्ड रुग्णाने जवळ ठेवावे. त्यावर ब्रँड नको, औषधाचे मूळ नाव हवे. स्ट्रिपवर ते बारीक अक्षरांत असते, आणि आकडीवरचे एकच कार्बामाझेपीन अनेक नावांनी विकले जाते. त्याने त्रास झालेल्याला फेनिटॉइन किंवा फेनोबार्बिटोनही देऊ नये, तीही त्याच गोत्रातली. आकडीची गोळी मनाने बंदही करू नये. बदली गोळी मेंदूविकारतज्ज्ञानेच ठरवावी. झालेली रिअ‍ॅक्शन 1800-180-3024 या औषध-दुष्परिणामांच्या टोल-फ्री क्रमांकावर रुग्णालाही कळवता येते. स्ट्रिप टाकून देऊ नका, बॅच नंबर तिच्यावरच असतो.

— एक फार्मासिस्ट, पंचवटी, नाशिक