महाप्रसादाचा फोटो छापलात, मागचा ढीगही छापा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात महाप्रसादाची बातमी वाचली. हजारो भाविकांनी लाभ घेतला म्हणे, फोटोत पंचमंडळी हातात डाव धरून उभी, झकास आलाय फोटो. तुमचा फोटोग्राफर मंडपाच्या मागं चार पावलं आला असता तर अजून एक मिळाला असता, कारण नाल्याकडच्या बांधावर भात, हुग्गी, वांग्याची भाजी सगळं एकात एक ओतलेलं होतं आणि त्यात आमची म्हैस तोंड घालून उभी होती. गाभण म्हैस हो! शिजलेला भात पोटभर खाल्ला की जनावर फुगतं हे आमच्यात शेंबड्या पोराला पण ठाऊक असतं. डावी कूस ढोलासारखी टणक झालेली, डॉक्टरला बोलावलं, सुई झाली, गोडं तेल पाजलं, रात्रभर गोठ्यात बसून काढली. वाचली म्हणा, पण बिल माझ्या खिशातनं. हा पण प्रसादच समजायचा काय?

बरं, मी स्वतः पंगतीला होतो. 'बाळा, भात थोडाच' म्हणेपर्यंत दोन डाव पडले पण, वर 'काका, प्रसादाला नको म्हणू नये'. शेजारी पहिली-दुसरीतली पोरं, त्यांना पण तेवढाच डोंगर. बसताना हात जोडून अन्न हे पूर्णब्रह्म, उठताना तेच पूर्णब्रह्म बादलीत.

पूर्वी पळसाच्या पत्रावळी होत्या, जनावरानं चघळल्या तरी बिघडत नव्हतं. आता त्या चंदेरी प्लास्टिकच्या, त्या पण नाल्यातच, आणि पावसात बळ्ळारी नाला फुगला की वडगाव-येळ्ळूर शिवारात आमच्याच उभ्या भातात येऊन बसतात. युनोच्या २०२४ च्या अहवालात आपल्या देशात नुसत्या घरातनं माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं असं आहे. एक पोतं भरून वर उरेल की! भंडारे, लग्नाचे बुफे त्यात धरलेलेच नाहीत.

मंडळांनी विचारून वाढावं, लागलं तर परत वाढावं, उरलं तर पातेल्यात असतानाच कुणालातरी द्यावं, एवढंच. आणि हो, बुफेवरचं माझं मागचं पत्र तुम्ही अर्धं कापून छापलंत, खाली मात्र मंगल कार्यालयाची चांगली पाव पान जाहिरात होती. यावेळी जागा कमी पडली तर पंचांचा फोटो बारीक करा.

— एक शेतकरी वाचक, वडगाव, बेळगाव